ऐकण्याआधीचा निवाडा

शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०१९. संत लूकचा सण होता. सायंकाळचा मिस्सा आटोपून आम्ही उत्तनमधील एका आजारी, वयोवृद्ध तांडेलांच्या घरी कम्युनियन घेऊन गेलो होतो. प्रार्थना झाली आणि घरच्यांनी चहासाठी थांबवून घेतले. विधानसभा निवडणुकीच्या प्रचाराचा तो शेवटून दुसरा दिवस. दूरदर्शन संचावर साताऱ्याच्या सभेची दृश्ये दाखवीत होते. धो-धो पाऊस कोसळत होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शरद पवार छत्री न घेता, चिंब भिजत बोलत होते.

तांडेलांचा नातू कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. भाषणातली दोन-तीन वाक्ये कानी पडतात न पडतात तोच तो लोकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवू लागला. एक म्हणत होता, ‘याला म्हणतात लढवय्या!’ दुसरा म्हणत होता, ‘म्हातारपणी काय ही नाटके!’ कोणी त्या भिजलेल्या मूर्तीचे रेखाचित्र काढले होते, कोणी विनोद रचला होता. घटकाभरात निवाड्यांचा ढीग पडला. जयजयकार करणारा आणि टिंगल करणारा यांत वरवर जमीन-अस्मानाचे अंतर होते; परंतु एका बाबतीत दोघे सख्खे भाऊ होते. दोघेही पावसाविषयी बोलत होते. पावसात उभा राहिलेला माणूस काय बोलला, याची वास्तपुस्त कोणालाच नव्हती.

वाचकहो, येथवर आम्ही इतरांचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो. त्या रात्री धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी तेच छायाचित्र पाठविले. आम्ही त्याखाली लिहिले, ‘पावसात भिजणे सोपे, प्रश्नांना भिडणे कठीण.’ वाक्य आम्हांला फार आवडले. इतरांनाही आवडले असावे, कारण पाहता पाहता अंगठ्यांच्या खुणांची रांग लागली. आम्ही समाधानाने झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर तांडेलांच्या नातवाने फोन लावून आजोबांच्या हाती दिला. त्यांनी विचारले, “फादर, तुम्ही ते भाषण पुरतं ऐकलंत का?”

आम्ही गप्प राहिलो.

“मी काही त्यांना मत देणारा नाही,” ते म्हणाले, “पण माणूस बोलला काय, ते तरी ऐकायला हवं. तुम्हीच आम्हांला शिकवता ना?”

तेव्हा कोठे आम्ही दार लावून ते भाषण पहिल्यापासून ऐकले. भाषण लहानच होते. त्यात पाऊस हा वरुणराजाचा आशीर्वाद असल्याचा उल्लेख होता, मतदारांना आवाहन होते. हे सारे अपेक्षितच. परंतु मध्येच त्यांनी एक कबुली दिली. त्याच वर्षी मे महिन्यात उदयनराजे भोसले साताऱ्यातून त्यांच्या पक्षातर्फे लोकसभेवर निवडून आले होते आणि सप्टेंबरात खासदारकीचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात गेले होते. म्हणूनच ती पोटनिवडणूक लागली होती. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपल्या हातून चूक झाली, हे आपण जाहीरपणे मान्य करतो, अशा अर्थाचे ते बोलले.

आम्हांला लाज वाटली. आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही पापनिवेदन ऐकण्यासाठी बसत आलो आहोत. माणसाच्या तोंडून ‘माझे चुकले’ हे दोन शब्द निघावेत म्हणून जाळीच्या पलीकडे ताटकळत राहणे हा आमच्या सेवेचाच भाग. आणि येथे हजारो लोकांसमोर ते शब्द निघाले, तर आमच्या कानी पडले नाहीत. आम्ही पाऊस पाहत होतो.

यावर कोणी म्हणेल, ‘फादर, ही कबुली कसली? ही तर मते मागण्याची युक्ती!’ हा आक्षेप वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही. पापनिवेदनात माणूस स्वतःला दोष देतो. व्यासपीठावरच्या त्या कबुलीत प्रतिस्पर्ध्यावरचा वारही होता. चूक मान्य केली ती उमेदवार निवडण्याची, आणि ती दुरुस्त करण्याचे काम सोपविले मतदारांवर. अशा कबुलीला पश्चात्ताप म्हणावे काय? या प्रश्नावर दोन समंजस माणसांचे मतभेद होऊ शकतात. परंतु हा मतभेद भाषण ऐकल्यानंतरचा आहे. आमच्या त्या चटकदार वाक्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. म्हणजे आम्ही भाषणावर टीका केलीच नव्हती. न ऐकलेल्या भाषणाच्या जागी आम्ही स्वतःचेच शब्द ऐकले होते.

तेव्हा प्रश्न असा उरतो: ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याचे आपण काय देणे लागतो? धर्मगुरूने पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम २८७ सांगते. त्यामुळे कोणाला मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही. परंतु न्याय कसा करावा हा राजकारणाचा नव्हे, सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष खरा मानणे याला कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ उतावीळ निवाडा म्हणतो आणि ते पाप मानतो. त्याच ठिकाणी संत इग्नाती लोयोला यांची शिकवण दिली आहे. दुसऱ्याचे बोलणे धिक्कारण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्यास तत्पर असावे; तसा अर्थ लावता येत नसेल तर त्याला विचारावे; तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात सुधारणे आहे, पण ते शेवटी आहे.

याचा अर्थ पुढाऱ्यांच्या शब्दांवर भोळेपणाने विश्वास ठेवावा असा नाही. ऐकणे म्हणजे मान डोलावणे नव्हे. उलट, ज्याने पुरते ऐकले त्याच्याच टीकेला धार येते. भिजल्याबद्दल टिंगल झाली की पुढाऱ्याचे काही बिघडत नाही; भिजल्याबद्दल आरती ओवाळली की त्याचे फावते. खरी अडचण होते ती ‘तुम्ही अमुक बोललात, त्याचे पुढे काय झाले?’ असे कोणी विचारले की.

पूर्वी ऐकणे आणि बोलणे यांमध्ये आपोआप अंतर पडे. भाईंदरहून आलेले वर्तमानपत्र घरात वाचले जाई, मग धक्क्यावर चर्चा होई; तोवर रागाची पहिली लाट ओसरलेली असे. ते अंतर परिस्थितीने दिले होते. आता ते प्रत्येकाने मनाने राखावे लागेल. ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास सावकाश असावे, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०२० साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात हीच खंत व्यक्त केली होती. समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर असतानाच आपण त्याला तोडून उत्तर देऊ लागतो, असे त्यांनी लिहिले.

अर्ध्यावर तोडण्याची किंमत शेवटी कोण मोजतो? त्याच महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले आणि आमच्या किनाऱ्यावरही पावसाची धास्ती आली. बोंबील वलांडीवर वाळत घालणाऱ्या बाईला अवेळी पाऊस म्हणजे शौर्य नव्हे की नाटक नव्हे. ते नुकसान असते. वाळत आलेला माल भिजला की हातचा गेला. अशा मालाच्या भरपाईविषयी कोणता पक्ष काय बोलला, हे त्या निवडणुकीत आमच्या गटावर एकानेही विचारले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. साताऱ्याच्या पावसावर आमची हमरीतुमरी चालली होती. दाराशी येणाऱ्या पावसाविषयी बोलायला कोणाला सवड नव्हती.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. साताऱ्यात श्रीनिवास पाटील निवडून आले आणि २०१४ साली ४१ जागा मिळविणाऱ्या राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ जागा मिळाल्या. अनेकांनी श्रेय पावसाला दिले. २०२४ साली त्याच साताऱ्याने उदयनराजे भोसले यांना पुन्हा लोकसभेवर पाठविले. मतदारांनी आपले मत बदलावे, हा त्यांचा हक्कच आहे. परंतु ‘हा आता कायमचा संपला’, ‘तो आता अजिंक्य झाला’ असे त्या रात्रीचे अंतिम निवाडे मात्र कोठल्या कोठे वाहून गेले. अंतिम निवाडा करणे हे मुळी आपले काम नव्हेच, हे आपण प्रत्येक रविवारी श्रद्धांगीकारात म्हणतो आणि दाराबाहेर पडताच विसरतो.

त्या शनिवारी आम्ही गटावर आणखी एक वाक्य लिहिले: ‘काल मी भाषण न ऐकता त्यावर शेरा मारला. माझे चुकले.’ या वाक्याला अंगठे फारच थोडे मिळाले. मात्र सायंकाळी तांडेलांकडे गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता शेजारची खुर्ची आमच्यासाठी पुढे ओढली. मग आम्ही दोघांनी ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकत्र ऐकले. संपल्यावर त्या कबुलीविषयी आमचे मत एक होते, त्यांचे दुसरे. तासभर वाद झाला. बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी खरोखर बोलल्यासारखे वाटले.