उचल

दिवाळी तोंडावर आली की घरातल्या कपाटांना आणि पेट्यांना जागा बदलण्याची लहर येते, आणि त्या लहरीत घरातल्या कोणाची तरी पाठ धरते. आपल्याकडे याला उसण भरणे म्हणतात. उसण भरली की घरातला जो तो वैद्य होतो. एकजण तेल कोमट करतो, दुसरा विटेचा शेक सुचवतो, आणि तिसऱ्याला हटकून आठवते की पलीकडच्या आळीत एक पायाळू माणूस आहे. त्याची लाथ कमरेला लागली की पाठ मोकळी झालीच म्हणून समजा. लाथेने पाठ सुटते की लाथेच्या भीतीने, हे मला सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. घरातल्या पुरुषाची पाठ धरली तर त्याच्यासाठी अंथरूण घातले जाते. बाईची धरली तर ती एक हात कमरेवर ठेवून चकल्या तळते.

शरीर 'थांब' म्हणते तेव्हा माणसाने थांबावे की नाही, हा प्रश्न तसा पुरातन आहे. थांबणाऱ्याला भित्रा म्हणावे की शहाणा, आणि न थांबणाऱ्याला शूर म्हणावे की मूर्ख? आपले संस्कार बहुधा न थांबणाऱ्याच्या बाजूचे आहेत. सीतास्वयंवराच्या कीर्तनात शिवधनुष्याखाली सापडलेला रावण तडफडू लागला की सारे देऊळ हसते. ज्याला वजन उचलले नाही तो हास्यास्पद, हे आपण लहानपणीच त्या हशातून शिकतो. पण रावणाला धनुष्य जड होते एवढ्यावरच आपण हसतो का? मला वाटते, ते आपल्याला झेपणार नाही हे त्याला उमगले नाही, यावरही आपण हसत असतो.

मराठीने वजनासाठी तीन क्रियापदे दिली आहेत : उचलणे, पेलणे आणि झेपणे. ज्याने कोणी ती वेगळी केली, त्याने आयुष्यात बरीच पोती वाहिली असली पाहिजेत. गावोगावच्या मारुतीपाशी दगडी गोटी पडलेली असते. ती जमिनीवरून सुटली की पोरे 'उचलली, उचलली' म्हणून ओरडतात. छातीवरून खांद्यावर जाऊन स्थिर झाली की म्हातारे 'पेलली' म्हणतात. झेपली की नाही, ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कळते, आणि ते ऐकायला पारावर कोणी नसते.

भारोत्तोलनाच्या खेळात या तिन्हींचे शास्त्र झालेले आहे. त्यात दोनच प्रकार. 'स्नॅच'मध्ये लोखंडी दांडा जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा. 'क्लीन अँड जर्क'मध्ये आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग वर झोकायचा. वर नेल्यावर कोपरे ताठ, पावले एका रेषेत, अंग निश्चल. पंचांची खूण मिळेपर्यंत वजन खाली टाकायचे नाही. नुसते उचलण्याला येथे गुण नाहीत, पेलावे लागते. पाहणाऱ्याला वाटते की सारा दंडांचा जोर आहे. वास्तविक दंड बराच वेळ दोरखंडासारखे नुसते ताणलेले असतात. जोर मांड्यांचा आणि कमरेचा असतो. दांडा नडगीला जवळजवळ घासत वर यावा लागतो, कारण तो शरीरापासून वीतभर दूर गेला तरी पाठीवरचा भार कितीतरी वाढतो. (कपाट हलवताना हात लांब करून ते ओढणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे.) आणि या तंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी की, निष्णात माणूस वजन पुरते वर नेतच नाही. ते थोडे वर उडाले की तो स्वतःच विजेसारखा त्याच्याखाली जाऊन बसतो आणि मग उभा राहतो. सारे तंत्र एकाच गोष्टीसाठी रचले आहे : भार एकट्या सांध्यावर पडू नये, साऱ्या देहाने तो वाटून घ्यावा. वाटणी चुकली की कुठेतरी एक सांधा किंवा एक स्नायू सगळ्यांचे देणे एकटा फेडतो.

३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो वजनगटात उतरला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. वडिलांची सांगलीत पानाची टपरी. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले. क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात १३५. दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो वर नेताना त्याचे कोपर गेले. वेदनेने तो कळवळला, सगळ्यांनी पाहिले. या खेळाचा एक कठोर नियम आहे : दांड्यावरचे वजन स्पर्धेत वाढत जाते, कमी कधी होत नाही. प्रयत्न फसला तर तेवढेच पुन्हा मागता येते किंवा अधिक. 'जरा हलके द्या' म्हणण्याची सोय नाही. तेव्हा संकेतपुढे दोनच वाटा होत्या. तिसरा प्रयत्न सोडून द्यायचा, किंवा त्याच हाताने पुन्हा १३९ ला भिडायचे. तो परत आला आणि भिडला. वजन वर गेले नाही. त्याची बेरीज २४८ झाली, मलेशियाच्या अनीक कसदानची २४९. एका किलोने सुवर्ण गेले, रौप्य मिळाले. त्या स्पर्धेतले ते भारताचे पहिले पदक. हात झोळीत घेऊन तो पदक घ्यायला उभा राहिला.

त्या दिवशी महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले ते त्या तिसऱ्या प्रयत्नासाठी. रौप्य तसेही हातचे जाण्यासारखे नव्हते. तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू वीस किलोंहून अधिक मागे होता. मग त्या मुलाने तसे करायला हवे होते का? वर्गात मी हा प्रश्न घातला तर मुले एका सुरात 'होय' म्हणतील आणि मुलांच्या आया एका सुरात 'नाही'. दोन्ही उत्तरांत प्रेमच आहे. माझे मत विचाराल तर, तो त्याचा अधिकार होता. कारण तो मागे फिरला असता तरी कोणी त्याचे पदक काढून घेणार नव्हते. ज्याला न करण्याची मोकळीक आहे, त्याच्याच धाडसाला धाडस म्हणता येते. पुढे त्याच्या कोपरावर इंग्लंडमध्ये उपचार झाले आणि त्यांचा खर्च सरकारने सोसला. तेही योग्यच झाले.

कौतुक येथे संपते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, आणि तिला प्रेक्षक नसतात.

कोपराची इजा बहुधा सांधा बांधून ठेवणाऱ्या बंधांची असते, आणि त्यांना रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश भरून येतात. स्नायू त्या मानाने दैववान. स्नायू फाटला की तंतू तुटतात, रक्त साकळते, सूज येते. ही सूज शत्रू नव्हे. मोडतोड झाडून काढणारी माणसे कामाला लागल्याची ती खूण आहे. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो नावाच्या शास्त्रज्ञाने स्नायुतंतूंच्या कडेला बिलगून असलेल्या, एरवी निजून राहणाऱ्या काही पेशींचे वर्णन केले. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेला तंतू नव्याने विणू लागतात. परंतु हे विणकाम वाटेल तसे होऊ नये म्हणून त्याला हलका ताण लागतो. पहिले काही दिवस विसावा, मग वेदनेच्या अलीकडे थांबणारी हालचाल, मग थोडे वजन, मग आणखी थोडे. महिनाभर अंथरुणाला खिळून राहिले तर स्नायू रोडावतो. पहिल्याच दिवशी खसाखसा रगडले तर आतला रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या स्नायूत चक्क हाड धरते. आमच्याकडच्या तालमीतल्या वस्तादांच्या हाताला गुण असतो हे मी मानतो, पण तो हात पहिल्या दोन-तीन दिवसांत दूर ठेवलेला बरा.

त्यात एक फसवी जागा आहे. दुखायचे आधी थांबते आणि बळ मागाहून येते. या मधल्या दिवसांत माणसाला वाटते, झालो बरा. आणि तो पुन्हा पहिल्या वजनाला हात घालतो. पुष्कळ स्नायू दुसऱ्यांदा फाटतात ते याच दिवसांत.

पुरुषांचा नुसता लोखंडी दांडा वीस किलोंचा असतो. ज्याने १३५ किलो डोक्यावर पेलले, त्याला दुखापतीनंतर हा रिकामा दांडा घेऊन, कधी तर नुसती काठी घेऊन उभे राहावे लागते. शेजारी मिसरूड न फुटलेले पोर त्याच्यापेक्षा अधिक उचलत असते. मोठ्या वजनापुढे छाती काढणे त्या मानाने सोपे. रक्त उसळलेले असते, लोक ओरडत असतात. हलके वजन चारचौघांत, न लाजता, रोज, महिनोन्‌महिने उचलत राहण्याला वेगळीच छाती लागते. आजारातून उठून अर्ध्या वेळेसाठी कामावर परतलेला कारकून, बाळंतपणानंतर पुन्हा गायला बसलेली आणि वरच्या षड्जापाशी थांबणारी गायिका, यांनाही ती लागते. आपण मात्र पोवाडे १३९ किलोंचेच गातो.

पण वाचकहो, एवढे लिहून मी थांबलो तर अकलूजमध्ये राहण्याला काही अर्थ नाही. पंधरा दिवस विसावा घ्या, मग हलके उचला, हे सांगणे ठीक. ते पंधरा दिवस आणायचे कोठून? चकल्या तळणाऱ्या त्या बाईला ते मिळत नाहीत, आणि तिच्याहूनही ज्याला ते मिळत नाहीत असा माणूस याच दिवसांत आमच्या वाटांवर दिसू लागतो. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या, धाराशिवकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराने होते. हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून त्यांनी रक्कम घेतलेली असते, आणि त्या रकमेला आपल्या भाषेत शब्द आहे : 'उचल'. फडातली पहिली मोळी डोक्यावर चढण्याआधीच पुढच्या पाच-सहा महिन्यांचे वजन अंगावर आलेले असते. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, टेकवलेल्या अरुंद फळीवरून चढत ती ट्रकमध्ये रचायची. मजुरी टनावर. एक दिवस चुकला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर 'खाडा' म्हणून उलट पैसे कापले जातात.

येथे दुखऱ्या पाठीचे ऐकायचे कोणी? ऊसतोड करणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या कित्येक स्त्रियांनी ऐन तरुण वयात गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ साली उघडकीस आले आणि त्याच्या चौकशीसाठी समिती बसली. दर महिन्याच्या अडचणीने खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. सणाच्या अंकात हे लिहावे की नाही, असा विचार माझ्याही मनात आला. पण फराळाच्या ताटातली साखर याच फडातून आलेली असते.

धाडसाची जी कसोटी मी वर संकेतच्या बाबतीत लावली, ती येथे लावून पाहावी. लचक भरलेल्या कमरेने मोळी उचलणाऱ्या माणसाला आपण कष्टाळू म्हणतो, सोशिक म्हणतो. त्याच्या अंगातल्या बळाबद्दल मला शंका नाही. पण ज्याला मागे फिरण्याची वाटच नाही, त्याच्या सोशिकपणाचे कौतुक करताना मला अवघडल्यासारखे होते. ते कौतुक आपल्या सोयीचे आहे. घरातल्या बाईला 'तिला दुखणे माहीतच नाही' म्हणतो तेव्हाही आपण तीच सोय पाहत असतो.

हे बदलता येत नाही असेही नाही. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाड्यांची संघटना होती. पुण्यात बाबा आढावांनी हमालांना एकत्र आणले. शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणा, या साध्या मागणीसाठी हमालांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. किती वजन झेपेल हे उचलणाऱ्याला विचारून ठरवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, आणि गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेऊन त्याचा निधी उभारायचे ठरलेले आहे. माझी सूचना शाळामास्तराच्या बेताची आहे. वसतिगृहे व्हावीत, विमा व्हावा. त्याबरोबर या निधीतून पाठ धरलेल्या माणसाचे, स्नायू फाटलेल्या बाईचे पंधरा दिवस भरून द्यावेत. दवाखान्याची चिठ्ठी आणली की त्या दिवसांची मजुरी मिळावी आणि मुकादमाच्या वहीत ते खाडे म्हणून चढू नयेत. म्हणजे सोळाव्या दिवशी फडात येऊन तिला आधी अर्धीच मोळी बांधून पाहता येईल, आणि दुसऱ्या आठवड्यात पाऊण.