सोसते म्हणून लादावे काय?

भिवंडीची गोदामे, कल्याणची बाजार समिती आणि ठाणे-डोंबिवलीची दुकाने यांच्यामध्ये रात्रंदिवस धावणारी लहान मालगाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. २००५ साली टाटांचा 'एस' टेंपो निघाला आणि लोकांनी त्याचे बारसे केले 'छोटा हत्ती'. सुमारे पाऊण टन माल न्यावा, एवढे त्याचे सामर्थ्य. पण पाहावे तर त्या बापड्यावर गोण्यांवर गोण्या, मागे लोंबणाऱ्या लोखंडी सळ्या, वर कपाट आणि कपाट धरून बसलेला माणूस! पाटे वाकलेले, पुढची चाके हलकी झालेली. पाहणारे हसतात आणि म्हणतात, "अहो, ओढतोय ना!"

या 'ओढतोय ना' मध्येच आजचा प्रश्न आहे. एखादे सोसते, एवढ्यावरून त्याच्यावर लादण्याचा अधिकार आपणांस मिळतो काय?

पूर्वपक्ष असा की, चालविणारा गरीब. गाडीचा हप्ता डोक्यावर. दोन खेपांचा माल एका खेपेत नेला तर डिझेल वाचते, घर चालते. त्याने नाही म्हटले तर दुसरा टेंपोवाला उभाच आहे. शिवाय गाडी पोचते. मग बिघडले कुठे?

बिघडते ते लगेच दिसत नाही, एवढेच. मागे भार फार झाला की पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटते व गाडी वळविल्यासारखी वळत नाही. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारास ब्रेक तापतात आणि थांबायला अंतर जास्त लागते. रस्त्याचेही तसेच. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवर गाड्या फिरवून परीक्षा घेतली गेली. तिच्यातून असा हिशेब निघाला की, आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. म्हणजे एकाने वाचविलेले भाडे हजारांनी खड्ड्यांत भरायचे! सोसणे म्हणजे संमती नव्हे. रस्ता बोलत नाही, पाटा बोलत नाही. मोडतो तेव्हाच बोलतो, आणि तेव्हा शेजारून जाणारा निरपराध सायकलवाला सापडतो.

मुक्या जनावराविषयी आपल्या देशाने १९६५ साली नियम केले. बैलाने किती ओढावे हे किलोत लिहिले, आणि दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपू नये असे ठरविले. बैलाला मिळालेली ही दया टेंपोवाल्याच्या वाट्याला मात्र क्वचितच येते.

मग दोष कोणाचा? धर्मशास्त्र कर्माचे वाटेकरी मोजताना करणारा, करविणारा आणि मान डोलाविणारा अशा तिघांनाही धरते. मोटार वाहन कायद्याचे १९४ वे कलमही गाडी चालविणाऱ्याबरोबर ती तशी चालवावयास लावणाऱ्यास व चालवू देणाऱ्यास दोषी धरते. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये, वर दर जादा टनास दोन हजार, असा झाला. चालकाचा वाटा आहेच. पण "एकाच खेपेत आण" म्हणणारा व्यापारी आणि भाड्याचे चार पैसे वाचले म्हणून खूश होणारे आपण, हेही त्या गोणीवर बसलेलोच आहोत.

उत्तरेकडचे चालक वजनकाट्याला धर्मकाटा म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत तुलादिव्य सांगितले आहे. आरोप आलेल्यास दोनदा तोलीत. दुसऱ्या वेळी हलका भरला तो निर्दोष, जड भरला तो दोषी. आजचा काटाही तेच सांगतो, बरं का!

आता वारकरी मंडळींनी आपल्याकडेही पाहावे. दिंडीबरोबरच्या टेंपोत राहुट्या, शिधा, भांडी, सिलिंडर. आणि पाय दुखले की वर म्हातारी माणसे. मालाची गाडी माणसांसाठी केलेली नव्हे. "देवाचे काम आहे, देव नेईल," असे म्हणून लादणे ही श्रद्धा नव्हे. आपला हिशेब देवाच्या माथी मारणे आहे. वर्गणी थोडी वाढवावी, दुसरी गाडी करावी, माणसांसाठी बस वेगळी ठेवावी.

त्याच कलमात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. नुसता दंड भरून गाडी पुढे सोडीत नाहीत; जादा माल आधी उतरवावा लागतो. दक्षिणा देऊन प्रायश्चित्त उरकणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. ओझे उतरविल्यावाचून सुटका नाही.

रामकृष्णहरी.