दामाजीची पावती

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात माणूस ज्वारी पेरतो आणि आभाळाकडं बघत बसतो. आमच्या शिवाराला कॅनॉलचं पाणी नाही. मुठीतलं बी मातीत गेलं की पुढचं सगळं ‘त्याच्या’ हाती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळं देवावर भरवसा ठेवणं आपल्याला बापजाद्यांपासून जमतं, असा माझा समज होता. तो समज मोडला आईच्या पासपोर्टनं.

धाकटी बहीण लग्न होऊन जर्मनीत, स्टुटगार्टला गेलेली. तिला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा श्रावण चालू होता. मार्चची तारीख दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिला एवढ्या लांब येणं जमणार नव्हतं. आई लगेच म्हणाली, “पोरगी माहेरी येत न्हाई, तर माहेरानं पोरीकडं जायाचं. त्यात काय एवढं?”

अण्णा म्हणाले, एकटीला धाडायचं नाही. दोघंही कधी विमानात बसलेले नाहीत, म्हणून तिसरा मी. अण्णांचा आणि माझा पासपोर्ट सरळ निघाला. आईचा अडला.

शाळेच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि जन्मतारीख १ जून १९६३. आमच्या पिढीपर्यंत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असे; गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली ती तारीख. लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं, ते आधारकार्डावर आलं. तिथं तारीख १ जानेवारी १९६५. आणि आजी सांगायची, “पानशेत फुटलं, त्याच्या पुढल्या साली, हुरड्याच्या दिवसांत झाली ही.” म्हणजे १९६२. एकाच बाईची दोन नावं आणि तीन जन्म. केंद्रातल्या माणसानं फाइल परत सरकवली. नियमाप्रमाणं त्याचं काही चुकत नव्हतं, पण मला मात्र त्याचा गळा धरावासा वाटला.

मग चकरा सुरू झाल्या. तालुक्याला जा, साहेब मीटिंगला. जिल्ह्याला जा, सर्व्हर बंद. प्रतिज्ञापत्रात एक वेलांटी चुकली, पुन्हा करा. ज्वारीची कोळपणी खोळंबली. घरी आलो की मी दोघांवर खेकसायचो. एक दिवस एजंट भेटला. म्हणाला, “कशाला हेलपाटे घालता? नव्या नावाचा, पाहिजे त्या तारखेचा जन्मदाखला आठ दिवसांत करून देतो. कोण बघायला येतंय?”

खरं सांगतो, मी तयार होतो. निम्मे पैसे खिशात घालूनच घरी आलो. मनाशी म्हटलं, ही देवानंच धाडलेली वाट.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “म्हंजी म्या जल्मले तेच खोटं?”

अण्णांनी माझी बाजू घेतली. आमच्याकडं कुठलीही अडचण दामाजीपंतांपाशी जाऊन थांबते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार भुकेल्यांना मोकळं केलं, बेदरहून बोलावणं आलं, आणि विठोबानं विठू महाराच्या रूपात बादशहापुढं धान्याचे पैसे ओतून पावती आणली, ही कथा आमच्या मातीतच मुरलेली. अण्णा म्हणाले, “अगं, दामाजीची पावती इठ्ठलानं आणली. तुझा दाखला ह्यो एजंट आणतोय. त्यात इठ्ठलच आसंल.”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दामाजीनं कोठार उघडलं तवा त्येला ठावं हुतं का, पावती येणार हाय म्हणून?”

अण्णांना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

ही कथा मी शंभर वेळा ऐकली असेल, पण माझं ध्यान कायम शेवटाकडं. बादशहा थक्क झाला, पावती मिळाली, पंत सुटले. त्यामुळं भरवसा म्हणजे पावती येणारच याची खात्री, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ज्या दिवशी पंतांनी कुलूप काढलं, त्या दिवशी त्यांच्यापुढं फक्त दोन गोष्टी होत्या: दारात भुकेली माणसं आणि मानेवर बादशहाची तलवार. पावती कथेत नंतर येते. ती आलीच नसती तरी कोठार उघडणं बरोबरच ठरलं असतं. मी मात्र पावती आधी मागत होतो, आणि मिळत नाही म्हटल्यावर खोटी छापायला निघालो होतो. वर त्यालाच देवाचं नाव देत होतो.

एजंटाला नाही म्हणून कळवलं. सरळ वाट लांबची निघाली. राजपत्रात नावाची जाहिरात, आधारची दुरुस्ती, शाळेतून दाखल्याची नवी प्रत. पोलीस चौकशीला हवालदार घरी आला, तेव्हा आईनं त्याला चहा पाजून स्वतःच्या तिन्ही जन्मतारखा सांगून टाकल्या. तो पोट धरून हसला. पासपोर्ट हातात पडायला जानेवारी उजाडला.

पुढं व्हिसा. मुंबईची तारीख मिळायलाच तीन आठवडे गेले. विमा काढा, बँकेचे कागद आणा, परत येणार याचा पुरावा द्या. सातबारा, आठ-अ इंग्रजीत करून घेतले. आई म्हणाली, “म्हशीचा फोटू लाव. तिला सोडून कोण ऱ्हाईल तिकडं?”

तिथं दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. आईचे उमटेनात. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा कधी पहिल्या झटक्यात घेतला जात नाही. काचेवर बोटं ठेव, पूस, पुन्हा ठेव. मागं रांग खोळंबलेली. आई त्या मुलीला म्हणाली, “चाळीस वरसं खुरपं, शेण, राख. ठसं रानातच ऱ्हायलं बाई.” त्या मुलीनं आईचा पंजा आपल्या हातात घेऊन एकेक बोट हळूच दाबलं, तेव्हा कुठं काम झालं.

कागद पुरे झाले होते. पंधरा दिवसांत निकाल लागेल असं धरलं होतं. पंधरा झाले, वीस झाले. आणि एका पहाटे फोन वाजला. बहीण ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधीच मोकळी झाली होती. मुलगी. दोघी सुखरूप. व्हिसा आला त्यानंतर चौथ्या दिवशी.

त्या रात्री आई गोठ्यात जाऊन रडली. देवावर भार टाकला म्हणून दुःख हलकं होतं, असं मी लिहिणार नाही. लेकीच्या पहिल्या कळेला आई जवळ नव्हती. ती वेळ गेली, ती कुठल्याही शिक्क्यानं परत येणार नाही.

मी अपराध्यासारखा म्हणालो, “त्या दाखल्याचं ऐकलं असतंस तर पोचली असतीस. आणि तिकडं काही वाईट घडलं असतं तर?”

“तर रडले असते, जल्मभर. पर खोटं घिऊन गेले असते, तर नातीच्या कपाळाला कुठल्या हातानं तेल लावलं असतं?”

पटलं का? पुरतं पटलं असं आजही म्हणवत नाही. त्या रात्री तिकडं काही विपरीत झालं असतं, तर मी कदाचित आईला आणि विठोबाला, दोघांनाही माफ केलं नसतं. पण एवढं कळलं, की आईनं विठोबाकडं व्हिसा मागितलाच नव्हता. तिनं मागितलं होतं ते एवढंच, की तो येईपर्यंत आपल्या हातून वाकडं काही घडू नये. ते तिला मिळालं होतं.

बहिणीचा पुन्हा फोन आला. तिकडं बाळंतपणानंतर सुईण रोज घरी येते, त्याचा खर्च विम्यातून होतो. ती बाळ तपासते, अंगावर कसं पाजायचं ते दाखवते. आईनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “बघ. आमच्या आधी कोणतरी पोचलं.”

आम्ही निघालो तेव्हा ज्वारीची रास पदरात पडली होती. दूधतुपाचं काही तिकडं न्यायचं नाही म्हणून लाडू राहिले. बाळंतशोपा, खारीक आणि जुन्या लुगड्यांची गोधडी बांधून घेतली. फ्रँकफर्टला उतरल्यावर काचेआडच्या साहेबानं पुन्हा बोटं मागितली. मशीन लाल. पुन्हा लाल. माझ्या जिवाचं पाणी झालं. आईनं पदराला बोटं पुसली आणि न घाबरता परत काचेवर ठेवली.