वर्गात मोठं असणं

जून उजाडला की रात्रशाळांच्या पटावर नवी नावं चढतात. दिवसभर हॉटेलात, गॅरेजमध्ये, लोकांच्या घरी राबून ही माणसं संध्याकाळी वर्गात येतात. कुणी विशीतला, कुणी पस्तिशीची. बाक मात्र पोरांच्या मापाचं. गुडघे वर अडतात, म्हणून पाय बाहेर काढून तिरकं बसावं लागतं. हजेरीत आपलं नाव आलं की 'हजर' म्हणताना जीभ अडखळते. फळ्यावरचं गणित चुकलं की मागून वर्गातल्या लहान पोरांची खुसखुस ऐकू येते. कित्येकजण अभ्यासाला नव्हे, या संकोचाला कंटाळून शाळा सोडतात.

खरं तर या संकोचाचे धनी त्यांनी का व्हावं? बाप अंथरुणाला खिळला, आईवडिलांमागे ऊसतोडीला जावं लागलं, लग्न लवकर उरकलं गेलं, म्हणून शाळा सुटली. त्यात त्या मुलाचा काय दोष?

जोतीराव फुल्यांचीही शाळा मध्येच सुटली होती. ते शेतात राबत होते. मुलाला पुन्हा शिकवा, असं गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी त्यांच्या वडिलांना, गोविंदरावांना पटवलं आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुढे १८५५ मध्ये फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. शिक्षणाची वाट मध्येच तुटणं म्हणजे काय, हे जोतीरावांनी स्वतः भोगलं होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवून अवघडून टाकू नये, हा त्यातला शहाणपणा. मोठ्या माणसांना मात्र या कायद्याचा आधार नाही. मोठ्यांचा वर्गच वेगळा असला, तर गोष्ट निराळी. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन बसलेल्या त्या साऱ्याजणी उतारवयातल्या, म्हणून संकोचाला जागाच उरली नाही. पोरांच्या वर्गात एकट्याच मोठ्या असलेल्या बाईला ती सोबत नसते. तिला वर्गानेच सांभाळून घ्यायला हवं.

त्यासाठी फार काही लागत नाही. मुलांनी 'ताई', 'दादा' म्हणावं. 'इतक्या उशिरा कशाला शिकताय?' हा प्रश्न विचारू नये. शिक्षकांनी वयावरून टोमणा मारू नये आणि मोठी आहे म्हणून वर्ग सांभाळायचं काम तिच्या गळ्यात घालू नये. ती विद्यार्थिनी आहे. आणि ताई, तुम्हीही अडलेलं बेधडक विचारा. न समजणं हा गुन्हा नाही.

तुमच्याकडे कामाला येणारं कुणी रात्रशाळेत जात असेल, बाहेरून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरत असेल, तर संध्याकाळी त्यांना वेळेवर सोडा आणि परीक्षेच्या दिवसांत पगारी रजा द्या.