पुनरुत्थित देहावरील व्रण

परलोकीच्या सुखाची हमी देऊन इहलोकीच्या दुःखाची फिर्याद परस्पर निकालात काढावयाची, हाच ख्रिस्ती आशेचा कारभार आहे, असा आक्षेप विचारी माणसे पुष्कळ काळ घेत आली आहेत. आणि शोकाकुल घरात पाऊल टाकताच 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होणाऱ्या सांत्वनकर्त्यांनी त्या आक्षेपाला भरपूर पुरावा पुरविला आहे, हेही कबूल केले पाहिजे. परंतु ज्या शुभवर्तमानातून ही आशा उगम पावली, तेथे दुःखाची अशी बोळवण केलेली आढळत नाही. बेथानीस लाजराच्या कबरेकडे निघालेला येशू, मृताला आपण थोड्याच वेळात हाक मारून बाहेर बोलावणार हे पुरते जाणत असताही, मृताची बहीण मरिया हिचा आक्रोश पाहून रडला, असे योहान लिहितो. मरणावर ज्याचा हुकूम चालतो त्याच्याही डोळ्यांना जर पाणी आले, तर त्याच्या भरवशावर जगणाऱ्या एखाद्या विधवेने कोरड्या डोळ्यांनी बसावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

योहानानेच सांगितलेली दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. पुनरुत्थानानंतर, थोमा ह्या शिष्याचा संशय फिटावा म्हणून प्रभूने आपले हात आणि कूस पुढे केली, तेव्हा खिळ्यांचे आणि भाल्याचे व्रण तेथे होते. ज्या सामर्थ्याने कबर रिकामी केली त्याला ते व्रण बुजविणे अशक्य होते असे नव्हे. तरीही त्या गौरवी देहावर ते राहिले, आणि थोमाला आपल्या प्रभूची ओळख त्यांवरूनच पटली. शाश्वत जीवन म्हणजे भोगलेल्याचे विस्मरण नव्हे, असा याचा अर्थ मी करतो. मनुष्य जे सोसतो ते अनंतकाळाच्या दप्तरातून खारीज होत नाही. ते देवाच्या हाती जाऊन प्रीतीच्या कामी येते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे उघड दिसते. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबावर दक्षिणेतील दुष्काळ कोसळला आणि त्या आपत्तीत वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. आईची तिरडी उचलण्यास मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा खांदेकरी भाऊ आणि चौथी रमा, आणि ती ठेंगणी असल्यामुळे आपल्या वाट्याचा भार खांद्याऐवजी डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंत चालत गेली. पुढे 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही निवर्तले. पदरात मनोरमा ही एकच मुलगी उरली.

1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या ह्या बाई परलोकाच्या आशेने इहलोकाविषयी उदास झाल्या असत्या, तर ते समजण्याजोगे होते. घडले ते नेमके उलट. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःची जुनी उपासमार आठवूनच त्या तिकडे धावल्या आणि भुकेने हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, शेती उभी राहिली, अंध स्त्रियांसाठी बार्तमी सदन निघाले, छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या. जिने आईचे प्रेत डोक्यावर वाहिले होते तिला दुष्काळातील पोर म्हणजे सरकारी अहवालातला एक आकडा वाटणे शक्यच नव्हते.

1921 च्या जुलैत मनोरमाही गेली. हिब्रू आणि ग्रीक मूळग्रंथांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे जे काम रमाबाईंनी कित्येक वर्षांपूर्वी अंगावर घेतले होते, ते त्यानंतरही, 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवीपर्यंत, त्यांनी सोडले नाही. एकुलत्या लेकीची पुन्हा भेट होणार, ह्या श्रद्धेने तो वियोग हलका झाला असेल, असे मी म्हणणार नाही. हलका न होताही तो त्यांना उचलता आला, आणि साध्या बायाबापड्यांना वाचता येईल असे बायबल त्याच महिन्यांत पुरे होत गेले.