मेंढपाळाची मोजणी

ख्रिस्ती कुटुंबाबद्दल आपल्याकडे सध्या दोनच प्रश्न विचारले जातात: यांची मुले किती, आणि यांच्याकडे राहणारी मुले मुळात कोणाची. २५ जुलै २०२५ रोजी दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. आमच्या चरोद्याहून दुर्ग लोकलने थोड्याच वेळाच्या अंतरावर. नन्सबरोबर नारायणपूर भागातल्या तीन तरुणी होत्या, आग्र्याला कामासाठी निघालेल्या. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने नन्सना जामीन दिला. आरोपांचा निकाल न्यायालयात लागेल. पण त्या आठवड्यातली चर्चा मला आजही खटकते. एक बाजू धर्मांतरे किती झाली ते सांगत होती. दुसरी बाजू जनगणना पुढे करत होती: देशात ख्रिस्ती २००१ मध्ये २.३ टक्के होते, २०११ मध्येही तेवढेच. छत्तीसगडमध्ये तर दोन टक्क्यांहूनही कमी. आकडे खरे आहेत. मात्र अबूझमाडच्या कडेच्या गावातून एखाद्या मुलीला स्वयंपाकाच्या नोकरीसाठी आग्रा का गाठावे लागते, तिच्या घरात मागे कोण आहे, हे विचारणारे फार थोडे होते.

या आकड्यांच्या भांडणातून आमच्याच मंडळ्यांमध्ये एक सूर वर आला आहे. आपण कमी आहोत, आणखी कमी होणार आहोत. जीवन पवित्र मानता ना, मग जास्त मुले जन्माला घाला. हा सूर नवा नाही. केरळच्या पाला धर्मप्रांताने जुलै २०२१ मध्ये, २००० नंतर लग्न झालेल्या आणि पाच किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना महिन्याला १,५०० रुपये देण्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच महिन्यात मिझोरमच्या एका मंत्र्याने आपल्या मतदारसंघात सर्वाधिक मुले असलेल्या पालकाला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. हिंदू समाजाकडूनही अशी हाक आता उघडपणे येते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातून दोन-तीन मुलांचा सल्ला दिला गेला तो सर्वांनी वाचला आहे. इतरांचे इतरांनी पाहावे. मला माझ्या घरातल्यांशी बोलायचे आहे, कारण जीवनाच्या पावित्र्याची शिकवण इथे तिच्याच नावाने उलटी केली जाते आहे.

या लोकांचा पहिला आधार उत्पत्तीच्या पुस्तकातला, बहुगुणित होण्याचा. हे वचन तोंडपाठ असलेल्यांनी त्याच्या थोडे आधी वाचावे. तोच आशीर्वाद देवाने पाचव्या दिवशी माशांना आणि पाखरांना दिला आहे. माणसाच्या वाट्याला आला तोही आशीर्वाद म्हणूनच. कोटा ठरवून देणारा हुकूम म्हणून नव्हे. आशीर्वादाची वसुली करता येत नाही. आणि तो हुकूमच मानायचा, तर ज्या धर्माचा प्रभू स्वतः अविवाहित राहिला, ज्याच्या मोठ्या प्रेषिताने अविवाहित राहण्याला मान दिला, ज्या धर्मात हजारो फादर आणि सिस्टर मूलबाळ न होऊ देता जगतात आणि त्यांच्यापुढे आपण डोके झुकवतो, तो धर्म पहिल्यापासूनच आज्ञाभंगावर उभा आहे असे म्हणावे लागेल. पाच मुलांना महिन्याचा भत्ता जाहीर करणारे बिशप स्वतः ब्रह्मचारी आहेत. त्यांच्या जीवनाची किंमत निपुत्रिक म्हणून कमी झालेली नाही, हे त्यांनीच आपल्या लोकांना सांगायला हवे होते.

दुसरा आधार भीतीचा: संपून जाऊ. ही भीती मी हलकी मानत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ख्रिस्ती स्त्रियांचा एकूण प्रजनन दर १.८८ आला, समाज टिकायला लागणाऱ्या २.१ पेक्षा तो कमी आहे. गावातले चर्च ओस पडलेले पाहणाऱ्याला हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. पण पवित्र शास्त्रात संख्येच्या भीतीला स्वतःची गोष्ट आहे. राजा दावीद आपले लोक मोजतो, लढाईला किती पुरुष उभे राहतील ते पाहतो, आणि तीच मोजणी त्याचे पाप ठरते. त्यापायी देशावर मरी येते. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकताना मला ती अन्यायाची वाटे. मोजण्यात काय वाईट? आता वाटते, दावीद माणसे मोजत नव्हता, स्वतःचे बळ मोजत होता. समाजाचा आकडा वाढावा म्हणून मागितलेले मूल जन्माआधीच त्या बळाच्या हिशेबात धरलेले असते. ते मुलगी म्हणून आले, अपंग म्हणून आले, मोठेपणी धर्म सोडून गेले, तर त्या हिशेबात त्याचे काय होते?

तिसरा आधार सर्वांत फसवा आहे, कारण तो ऐकायला भक्तीचा वाटतो: एक जीव पवित्र, तर पाच जीव पाचपट पवित्र. इथे पावित्र्याचा अर्थच हरवतो. पावित्र्याची बेरीज होत नाही. बेरीज होते तिथे वजाबाकीही होते, आणि मग कोणता जीव परवडतो याचीही चर्चा सुरू होते. आमच्या छत्तीसगडने ती पाहिली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या पेंडारी इथल्या शिबिरात एका दिवसात, काही तासांत, ८३ स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांतल्या १३ दगावल्या. त्यांच्या घरी लहान मुले होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. तिथे लक्ष्य कमी मुलांचे होते, पालात जास्त मुलांचे. दोन्हीकडे बाई आकड्यामागे उभी आहे.

मूल हा सर्वस्वी स्त्रीच्या निवडीचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद वेगळा आहे. त्यांच्याकडे जन्माला आलेल्या मुलासाठी फारसे काही नाही, एवढेच म्हणते. गर्भातला जीव जीवच आहे असे मी मानते, आणि हे कुणाला जुनाट वाटले तरी माझी हरकत नाही. मात्र हे मानणाऱ्यावर काय बंधन येते, ते आमची माणसे सांगत नाहीत. २००८ मध्ये हृदयाचा गंभीर दोष असलेल्या गर्भासाठी एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. गर्भ तेव्हाच्या वीस आठवड्यांच्या मर्यादेपुढे गेला होता. न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. २०२१ मध्ये कायदा बदलला: ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली, आणि गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही परवानगी मिळू शकते. त्या २००८ च्या दिवसांत जीवनाच्या पावित्र्यावर बोलणारे पुष्कळ होते. ते मूल जन्मले असते तर त्याच्या पेसमेकरचा, रात्रीच्या जागरणांचा, आईच्या सुटलेल्या नोकरीचा भार कोण घेणार होते? गर्भपात नको म्हणण्याचा अधिकार तो भार उचलण्यापासूनच सुरू होतो. त्याआधी सुरू होत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शिकायला रोमला जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. भूक त्यांनी अंगावर सोसली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, म्हणजे आम्ही आज राहतो त्याच जुन्या प्रांतात, आणि तिथल्या मुली व विधवांना घेऊन केडगावला गेल्या. एकुलती एक मनोरमा असलेली ती विधवा पुढे कितीजणींची आई झाली! त्या मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्याच हातांनी छापले गेले. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या यशवंताला आपला म्हणून वाढवले. ते ख्रिस्ती नव्हते, तरी जीवनाच्या पावित्र्याची याहून चोख साक्ष आमच्यापैकी थोड्यांनीच दिली असेल.

छत्तीसगडातल्या मिशनांचा इतिहास इतका निर्मळ नाही. ऑस्कर लोर १८६८ मध्ये विश्रामपूरला आले, अमेरिकन मेनोनाइट १८९९ मध्ये धमतरीला. दुष्काळातली अनाथ मुले त्यांनी वाचवली, वाढवली, आणि ज्यांना विचारता आले नसते अशा मुलांना आपल्या धर्मातही घेतले. हा आक्षेप खोटा नाही. माझ्या मते दोष मुलांना घरात घेण्यात नव्हता. ती मुले देणगीदारांकडे जाणाऱ्या अहवालातला आकडा झाली, तिथे तो शिरला. दावीदाची मोजणी तिथेही पोचली होती.

तेव्हा मोजूच नये का? तसे नाही, आणि माझा सगळा मुद्दा आता इथे येऊन थांबतो. प्रभू येशूच्या दाखल्यातला मेंढपाळही मोजतो. शंभरांतले नव्याण्णव भरतात म्हणूनच त्याला एक हरवल्याचे कळते, आणि मग तो नव्याण्णवांना रानात सोडून निघतो. आपण किती आहोत हे पाहणारी मोजणी एक, आणि आपल्यात कोण नाही हे पाहणारी मोजणी दुसरी. पहिली राजाची, दुसरी मेंढपाळाची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. ही मेंढपाळाची मोजणी आहे, कारण ती न आलेल्या मुलींकडे बोट दाखवते. छत्तीसगडचा ९६९ हा आकडा अभिमानाने मिरवायचा म्हटले की तोच राजाच्या मोजणीत जातो.

हा फरक एकदा धरला की घरातलेही पुष्कळ दिसू लागते. भिलाईत सिव्हिक सेंटरच्या बाजूला कोचिंगवाल्यांचे फलक पाहा: चेहरा, खाली रँक, रांगेने. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचा फलक नसतो, आणि त्या मुलांच्या घरी संध्याकाळी काय बोलले जाते ते फलक सांगत नाहीत. आईबापही मग पोराकडे आपली मिळकत म्हणून पाहतात. ख्रिस्ती घर याला अपवाद आहे असे मला म्हणवत नाही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी काय होते ते आठवावे. फादर आधी विचारतात, बाळाचे नाव काय ठेवले. नंतर पाणी. मग रजिस्टरमध्ये ओळ भरली जाते: मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे. क्रमांक असतोच, पण धर्मपित्याच्या रकान्यात कुणीतरी आपले नाव दिलेले असते, की हे मूल माझ्याही जबाबदारीचे आहे. आईबाप मालक असते तर या रकान्याची गरजच काय होती? मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातही तिथूनच होते: योसेफ आपले नसलेले मूल आपले नाव देऊन वाढवतो.

ज्यांच्या शास्त्रात योसेफ आहे, त्या भारतीय ख्रिस्ती लोकांना फार काळ कायद्याने दत्तक घेता येत नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी. आम्हाला होता १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्याखाली मूल घरी आणले तर ते पाल्य राहायचे, सज्ञान झाले की नाते कागदावर संपायचे, वारसा नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ख्रिस्ती पालकांचा दत्तक घेण्याचा हक्क मानला. २००० चा बालन्याय कायदा, २००६ ची दुरुस्ती आणि २०१५ चा नवा कायदा यांनी तो सर्व धर्मीयांना खुला केला. या पन्नास वर्षांत विवाह, घटस्फोट, शाळांचे अधिकार यांवर आमच्या संस्थांनी जेवढी ताकद लावली, तेवढी या एका हक्कासाठी लावल्याचे मला दिसत नाही. जीवनाच्या पावित्र्याचा झेंडा हातात होता तेव्हा ते व्हायला हवे होते.

म्हणून आमच्या धर्मप्रांतांना आणि मंडळ्यांना माझे एवढेच सांगणे: पाचव्या मुलाचा भत्ता बंद करा. तो पैसा मतिमंद मुलाच्या आईला एक रात्र झोप मिळावी म्हणून लावा, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला लाजेने शहर सोडावे लागू नये म्हणून लावा, मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याच्या कागदपत्रांसाठी आणि प्रवासासाठी लावा. वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा वाचून झाला की कोणत्या घरातले मूल आपल्याला भेटले नाही, तेही नावानिशी विचारा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. चरोद्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती जोडप्यासाठी ती सही आता जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयात होते.