वाढलेली काच

परभणीत भंगाराच्या एका दुकानात, पितळी तांब्यांच्या ढिगामागे, मला पहिली लाल गुलाबदाणी मिळाली. "बेल्जमची हाय, साहेब," दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. आपल्याकडे उंची काच म्हटली की बेल्जियमची. वाड्यातला आरसा असो की देवळातली हंडी, पत्ता ठरलेला. घरी रिठ्याच्या पाण्याने ती धुतली तेव्हा संशय आला. चाकाने जिथे वेलबुट्टी कोरली होती, तिथे काच पाण्यासारखी नितळ होती. लाली होती ती फक्त कातडीपुरती.

ही कातडी बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशातली. उत्तर बोहेमियातल्या फ्रीडरिख एगरमानने 1830च्या दशकात तांब्याचा लेप भाजून काचेला लाल रंग चढवण्याची कृती साधली. अस्सल माणिकरंगी काचेत सोनं पडतं, त्यामुळे ती मोजक्यांनाच परवडे. एगरमानच्या लालीने मध्यमवर्गाच्या फडताळातही माणिक आलं. त्याला नकली म्हणायला मी तयार नाही. लेप भट्टीत मुरलेला असतो, नखाने निघत नाही, आणि कोरीव कामाचा पांढरा-तांबडा खेळ तर या पातळ कातडीमुळेच जमतो.

असं कोरीव काम बोहेमियातच का रुजलं? व्हेनिसच्या काचेत समुद्रकाठच्या वनस्पतींचा सोडा असे, म्हणून ती लवकर घट्ट न होता हवी तशी वळे. बोहेमियाला समुद्र नाही, जंगल आहे. तिथल्या कारागिरांनी लाकडाच्या राखेतला पोटॅश घातला आणि काच टणक झाली, पैलू पाडण्याजोगी झाली. प्रागमध्ये बादशहा दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी कास्पर लेमान होता, रत्नं कोरणारा. त्याने रत्नावरचं चाक काचेवर आणलं आणि 1609 मध्ये बादशहाने त्याला त्या कामाचा खास हक्क दिला. भट्ट्या मात्र जंगल खात. आसपासची झाडं संपली की कारखाना पुढच्या रानात सरके.

ही काच ओळखायला शिकायचं म्हटलं तर तिच्यावर सहसा सही नसते, हीच पहिली अडचण. बुडाशी 'चेकोस्लोव्हाकिया' कोरलेलं असेल तर वस्तू 1918 च्या नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. काहीच कोरलेलं नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. मग बुडावरचे ओरखडे बघायचे. खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे पडतात, सगळे एकाच दिशेने गेलेले असतील तर ते कुणीतरी घासलेले. पिवळट-हिरवी काच असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरावी. युरेनियम घातलेली काच भुतासारखी हिरवी पेटते. माझ्या ओळखीच्या कापडदुकानदाराने हे पाहिलं आणि वाटी परत माझ्या हातात देऊन हात धुतले.

माझी गुलाबदाणी इथवर कशी आली? बोहेमियाचे कारखाने तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थान या बाजारांसाठी मुद्दाम हुक्क्याची बुडं नि गुलाबदाण्या बनवत. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या मुलखात, आणि 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे इथून जाऊ लागलेली. हैदराबादेत तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, आयुष्यभर वस्तू गोळा करत होते. 1951 मध्ये खुल्या झालेल्या त्यांच्या संग्रहालयात बोहेमियाची काच आजही बघायला मिळते. राजधानीची हौस जिल्ह्याच्या हवेल्यांत झिरपली असावी, हा माझा तर्क.

पण मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. बोहेमियाची काच मराठवाड्यात खरी आली असेल ती मनगटावर. गाब्लोन्झच्या, म्हणजे आताच्या याब्लोनेत्सच्या, डोंगराळ पट्ट्यात घरोघरी मणी नि बांगड्या होत आणि पहिल्या महायुद्धाआधी त्यांची जहाजं भरून इकडे येत. स्वदेशीच्या लाटेत या परदेशी बांगड्यांवर टीका झाली. तळेगावला 1908 मध्ये लोकवर्गणीच्या पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो याच काळात. 1914 मध्ये बोहेमिया ज्याच्या ताब्यात होता तो ऑस्ट्रिया शत्रू झाला, माल थांबला, आणि जपानने ती जागा पटकावली. आपल्या पणज्यांनी बोहेमिया हा शब्द न ऐकता बोहेमिया घातला असेल. त्यातलं फारसं काही उरलं नाही, कारण बांगडी जपून ठेवायची वस्तू नव्हे. ती फुटते. आणि फुटली म्हणायचं नाही, नारळासारखी वाढली म्हणायचं. आम्ही संग्राहक न वाढलेल्या वस्तूंच्या मागे असतो. म्हणजे ज्या फारशा वापरल्याच गेल्या नाहीत त्यांच्या.

याउलट पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षितांची दृष्टी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1945-46 साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर त्यांनी उत्खनन केलं, तिथे बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. 1969 मध्ये त्यांचा भारतीय काचेचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला. सालारजंगांनी अखंड वस्तूंना दालनं दिली, दीक्षितांनी तुकड्यांना इतिहास दिला. माझा कौल दीक्षितांना.

तेव्हापासून पहिल्या पावसानंतर मी गावाच्या पांढरीतून, जुन्या वस्तीच्या मातीतून, खाली बघत चालतो. गुलाबदाणीशेजारी आता एका काडेपेटीत चार तुकडे आहेत: दोन हिरवे, एक काळा, एक मधासारखा. त्यातला एकही बोहेमियाचा आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या आजीच्या पेटीत न वाढलेल्या जुन्या बांगड्या असतील, तर टाकण्याआधी मला एकदा दाखवा.